अश्वपारखी व्हा, एकाच बाजारात

दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या मुलखांतून घोडे येतात आणि सांगोला, बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याहून तज्ज्ञ येतात. घोड्यांपेक्षा तज्ज्ञच जास्त असतात. हनुवटीला हात लावून 'जनावर झकास आहे, पण कामाचं नाही' एवढं ज्याला चारचौघांत म्हणता येतं, त्याला त्या गर्दीत चहा फुकट मिळतो. तुम्हालाही मिळेल. घोड्याची जात कोणती, स्वभाव कसा आणि तो कोणत्या कामाला लायक, या तिन्ही प्रश्नांचा निकाल चुटकीसरशी कसा लावायचा ते खाली क्रमानं दिलं आहे. आधी घोडा पाहिलेला असण्याची अट नाही. पाहिला असेल तर शिकायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच.

१. काम आधी ठरवू नका

लोक बैल घेताना नांगराचं बघतात आणि म्हैस घेताना दुधाचं. घोड्याच्या बाबतीत आधी घोडा घ्यायचा आणि मग तो कशाला घेतला याचा शोध लावायचा, अशी रीत आहे. 'पण घोडा कशाला हवाय?' असं विचारणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. बहुधा घरातला हिशेब त्याच्याकडंच असतो. त्याला बाजाराला नेऊ नका. उसाचं बिल जमा झालंय, बंगल्यापुढं फरशी झालीय, दारात दोन चारचाकी उभ्या आहेत, मग राहिलं काय? एवढं कारण बास झालं. याला शौक म्हणतात. नुसतं उभं राहणं हे काम आहे का, असा प्रश्न घोड्याला पडू शकतो. पण या साऱ्या प्रकरणात त्याचं मत कुठल्याच टप्प्यावर विचारलं जात नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्या.

२. रंगाला जात म्हणा

सरकारदरबारी नोंद झालेल्या भारतीय घोड्यांच्या जाती आठ: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि भीमथडी. ही यादी पाठ करून बाजारात जाऊ नका, लोक शिक्षक समजतील. तिथं चालतात ती नावं वेगळी. नुकरा म्हणजे गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र, मुश्की म्हणजे काळा, कुमैत म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, अबलख म्हणजे अंगावर पांढरे पट्टे-डाग असलेला आणि पंचकल्याणी म्हणजे ज्याचे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा आहे तो. हे झाले रंग. पण रंग म्हटलं की भाव चढत नाही, जात म्हटलं की चढतो. तेव्हा 'नुकरा जातीचा आहे' असं ठासून सांगा.

स्वभावही रंगावरूनच सांगायचा असतो: पांढरा शांत, काळा तापट, तांबडा कष्टाळू. पुरावा मागू नका. पांढरा घोडा शांत असतो म्हणून वरातीला लावतात, आणि वरातीला लावतात त्या अर्थी तो शांत असणारच. हे पटत नसेल तर तुमची अजून तयारी झालेली नाही. परत पहिल्या पायरीवर जा.

३. फक्त कान बघा

मारवाडी आणि काठियावाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळलेली असतात. कान उभे केले की ती एकमेकांना टेकतात. हे लक्षण खरं आहे, आणि ते लांबून दिसतं, म्हणून सोयीचंही आहे. कान जुळले की बाकी काही बघायचं नाही. छाती अरुंद असू दे, गुडघा सुजलेला असू दे, खुराला चीर गेलेली असू दे, तुमची नजर वरच ठेवा. मग राणा प्रतापांच्या चेतकाचा विषय काढा. चेतक मारवाडी की काठियावाडी यावर दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचा वाद आहे. तुम्ही ज्याच्या दावणीपुढं उभे आहात, त्याच्या बाजूनं बोला.

कानांचा आणखी एक उपयोग पुस्तकात दिलेला असतो. कान पुढं असले की घोड्याचं लक्ष आहे, मागं सपाट पडले की त्याला राग आलाय आणि आता तो चावेल किंवा लाथ घालेल. नवशिक्यांनी नेमकं याच क्षणी गळ्यात हात टाकून सेल्फी घ्यावी. फोटोला जिवंतपणा येतो.

४. रक्ताचा विषय काढा

युरोपीय लोक घोड्यांचे गरम रक्ताचे, थंड रक्ताचे आणि मधले असे भाग करतात. अरबी आणि थरोब्रेड हे गरम, म्हणजे चपळ आणि चटकन भडकणारे. गाडे ओढणारे अवाढव्य घोडे थंड, म्हणजे सोशिक. याचा अंगातल्या उष्णतेशी काही संबंध नाही. निरोगी घोड्याचं तापमान साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश असतं, मग तो इंग्लंडातला असो की मोहोळमधला. सोलापूरच्या मे महिन्यात तर बाहेरची हवाच त्याच्या रक्ताच्या पुढं जाते. हे सगळं सांगू नका. 'गरम रक्ताचं आहे बरं का' एवढं म्हणून मागं सरका. मागं सरकणं महत्त्वाचं.

थरोब्रेडची गोष्ट मात्र सांगाच. इंग्लंडात नेलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आजचा प्रत्येक थरोब्रेड बापाच्या बाजूनं या तिघांपैकी एकाकडं जाऊन पोचतो. १७९१ पासून त्यांची वंशावळ छापून ठेवलेली आहे. आपल्याकडच्या व्यापाऱ्याकडं इतकी जुनी कागदपत्रं नसतात. त्याच्याकडं मोबाइल असतो आणि त्यात बापाचा व्हिडिओ असतो. बाप नेहमी फार देखणा असतो. तो याचाच बाप आहे का, असं विचारणं असभ्यपणाचं आहे.

५. शास्त्राधार द्या

चर्चा अंगावर आली की ग्रंथ पुढं करा. शालिहोत्राचं नाव घ्या, नकुलाचं घ्या. पाच पांडवांत तबेल्याची माहिती होती ती त्यालाच. आणखी दबाव आणायचा असेल तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर काढा. बाराव्या शतकात त्यानं 'मानसोल्लास' रचला आणि त्यात घोड्यांची लक्षणं, शिक्षण, खेळ असं सगळं घातलं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून हैदराबादला जाताना लागतं. म्हणजे आपल्याच भागातला माणूस.

या अश्वशास्त्रांत घोड्यांचेही चार वर्ण सांगितलेत: ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र. प्रत्येकाचा स्वभाव आणि काम ठरलेलं. जन्मावरून स्वभाव आणि स्वभावावरून काम ठरवायची आपली हौस एवढी दांडगी की तबेलाही तिच्यातून सुटला नाही. आता बाजारात हे चार वर्ण कुणी बोलून दाखवत नाही. त्यांची जागा भोवऱ्यांनी घेतलीय. अंगावरचे केस जिथं गोल फिरतात तो भोवरा. गळ्याखाली असला तर देवमण, भाग्याचा, भाव वाढवा. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, मालकाला रडवणारा, भाव पाडा. कितीही गुणी घोडा असला तरी डोळ्याखालचे चार केस उलटे फिरले की त्याला गिऱ्हाईक नाही. मालकच अपशकुनी निघाला तर घोड्यानं काय करावं, याबद्दल मात्र बाजारात सगळे गप्प असतात.

६. उंची मोजा, दात मोजू नका

घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान जिथं पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. बाजारात ती इंचांत सांगायची. साठ म्हटलं की लोक ऐकतात, चौसष्ट म्हटलं की वळून बघतात, सहासष्ट म्हटलं की मोबाइल काढतात. घोडा उंचवट्यावर आणि टेप लावणारा खालच्या अंगाला, अशी मांडणी तुम्हाला दिसेल. तिला हात लावू नका; जमिनीचा उतार हा सौद्याचा भाग आहे.

दातांवरून वय कळतं. अडीच वर्षांच्या पुढं दुधाचे दात पडू लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड जुळतं. पुढं पुढं दात झिजत जातात, लांब आणि तिरके होत जातात. व्यापाऱ्यानं 'चार वर्षांचं पोर आहे' म्हटलं आणि तोंडात आजोबांचे दात दिसले, तर चेहऱ्यावर काही दाखवू नका. दोघांनाही कळलंय हे दोघांनाही कळतं. पुढची बोलणी त्यानं सोपी होतात.

७. स्वभाव ओळखा, उभ्या उभ्या

खरं म्हणजे घोड्याचा स्वभाव कळायला काही दिवस लागतात. सकाळचा, संध्याकाळचा, चारा दिल्यावरचा, एकटा असतानाचा आणि दुसरा घोडा शेजारी आल्यावरचा, असा तो बघावा लागतो. शिवाय तो हाताळणाऱ्यावर ठरतो. मार खाल्लेला घोडा काठी न दिसताही बुजतो. तुमच्याकडं एवढा वेळ कुठाय? पंढरपूरला दर्शन घेऊन परतायचंय. तेव्हा दावणीपुढं उभं राहा आणि व्यापारी काय बोलतो ते ऐका.

समजा, एक नुकरा खुंट्याला बांधलाय. अगाडी-पिछाडी घट्ट. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय. मान एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. पायाखालची माती उकरून खळगा पडलाय. डोळे उघडे, पण समोर कुणाकडं बघत नाहीत.

"बगा पाव्हणं, रक्तातच नाच हाय. ढोल नाय, ताशा नाय, तरी पाय थांबत नाय."

"लई दिवस असा नाचतोय?"

"बारक्यापणापास्नं."

तिथं एक जनावरांचा डॉक्टर उभा असेल तर तो सांगेल की सतत बांधून ठेवलेल्या, हिंडायला न मिळालेल्या घोड्याला हा चाळा लागतो; पाय मोकळे केले, सोबत दिली, चारा जास्त वेळ चघळायला दिला की तो कमी होतो. डॉक्टर बाजूला घ्या. नाचणाऱ्या घोड्याचा भाव वेगळा आणि कंटाळलेल्याचा वेगळा. तुम्ही पहिला देताय.

खुराकही विचारा, कारण त्यावरून मालकाचा स्वभाव कळतो. 'दिवसाला इतकं दूध, इतकी अंडी, वर तूप आणि बदाम' अशी यादी ऐकू येईल. घोड्याचं पोट गवतासाठी घडलेलं. जठर लहान, म्हणून तो दिवसभर थोडं थोडं खातो. एकदम भरपूर दाणा घातला की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावतोसुद्धा. त्याला उलटीही होत नाही. म्हणजे मालकानं प्रेमानं घातलेलं परत करायची सोयच नाही.

८. आता काम शोधा

घोडा झाला, आता त्याच्या लायकीचं काम बघू.

वरात: घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त अगदी समोर नाकाशी आणि बरोबर पाठीमागं आंधळी जागा राहते. कान आपल्यापेक्षा तिखट. लाखो वर्षांत तो एकच धडा गिरवून जगला: संशय आला की पळ. अशा जनावराला डीजेच्या भिंतीपुढं उभं करायचं, पाठीमागं फटाक्यांची माळ लावायची, डोळ्यांवर दिवे मारायचे आणि जन्मात खोगिराला हात न लावलेला, मुंडावळ्यांतून अर्धवट दिसणारा नवरदेव वर बसवायचा. एवढं होऊनही तो उधळला नाही तर 'स्वभावानं गरीब' अशी नोंद करा. उधळला तर 'जातच खराब' अशी. डीजेच्या स्वभावाची नोंद करायला रकाना नाही.

वारी: ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि मग पुरंदवडे, खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी, बाजीरावाची विहीर असं रिंगण होत जातं. अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथं माउली बसलेत. टाळ-मृदंगाचा कल्लोळ, सभोवती माणसांचा समुद्र, आणि हा घोडा वर्तुळात सुसाट धावतो. मागं लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. यातून नवशिक्यांनी घ्यायचा धडा असा की पाठीवर दिसणारा माणूस नसला आणि वाट मोकळी ठेवली की घोड्याचा स्वभाव एकदम सुधारतो. हा धडा धंद्याच्या दृष्टीनं निरुपयोगी आहे.

पर्यटन: माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून माणसांचं आणि सामानाचं ओझं घोड्यांवर. इथं स्वभाव लागत नाही, पाठ लागते. स्वाराचं वजन विचारायची पद्धत नाही. घोड्याचं वय विचारायचीही नाही.

शर्यत: पुणे जिल्ह्यातल्या घाटांवर बैलगाड्यापुढं घोडी पळते. जिंकले तर फ्लेक्सवर बैलांचे फोटो, मालकाचा फोटो, मालकाच्या नेत्याचा फोटो. घोडीला जागा उरली तर तळाला.

बंगल्यापुढं उभं राहणं: सगळ्यात प्रतिष्ठेचं काम. पात्रता: उंची, रंग, कान. अनुभव नको. वाढदिवसाला हार घालून घ्यायचा आणि एरवी फरशीवर पाय आखडून राहायचं. मालक घोड्यावर बसत नाहीत. रानात जायचं तर मोटारीनं जातात आणि घोडा मागं ठेवतात, राखणीला.

९. सौदा करा

उपरण्याखाली हात घाला. दलाल तुमची बोटं दाबेल. किती बोटं, किती वेळा, यावरून आकडा. बाहेर दोघांचे चेहरे कोरे आणि आत लाखांची उलाढाल. बोटं कळली नाहीत तरी मान हलवा. विसार द्या, पाठीवर थाप मारा, गुलाल लावा.

एक कागद मात्र असतो, तो कुणी मागत नाही: ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा. हा रोग घोड्याचा माणसाला होतो, त्यावर लस नाही आणि तपासणीत रोग पक्का झाला तर कायद्यानं घोडा मारावा लागतो. पण हा कागद बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन भोवरे बघून होतात.

१०. हे घोडं टाळा

परतीच्या वाटेवर माळशिरस किंवा सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांचा वाडा दिसेल. धनगराचं बिऱ्हाड निघालेलं असतं. पुढं मेंढरं, मागं कुत्री आणि मधे एक ठेंगणी, तांबडी घोडी. तिच्या पाठीवर वाघर, भांडी, अंथरूण, एका अंगाला डालग्यात कोंबड्या, दुसऱ्या अंगाला कालच जन्मलेली दोन कोकरं. तिला कुणी धरलेलं नाही. वाट तिला पाठ आहे. डांबरीवरून मालमोटार हॉर्न मारत गेली तरी ती कडेला सरून चालत राहते. सुटल्यावर जे गवत मिळेल ते खाते. पोर पोटाखालून गेलं तरी पाय उचलत नाही.

हीच भीमथडी, डेक्कनी असंही म्हणतात. भीमेच्या काठावरचं हे घोडं मराठ्यांच्या फौजांत उत्तरेपर्यंत गेलं आणि राज्यगीतातही त्याचं नाव आलं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत ते स्वतंत्र जात म्हणून आठव्या नंबरला लागलं, तेही अगदी अलीकडं. तोवर पुष्कळांचं मत असं होतं की ही जात संपलेली आहे. संपली नव्हती, ओझं वाहत होती. तिकडं बघायला कुणाला सवड नव्हती एवढंच. बाकी देशातले घोडे मात्र खरोखर सरताहेत: २०१२ च्या पशुगणनेत ते सव्वासहा लाख होते, २०१९ मध्ये साडेतीन लाखांच्याही आत आले.

आतापर्यंतच्या पायऱ्यांनी तिला तपासा. उंची नाही. रंग साधा. कान जुळत नाहीत. बापाचा व्हिडिओ नाही. नाचत नाही. शांत, काटक, शहाणी, कामाला तयार, पण एवढ्यानं काय होतं? नापास. अशा घोडीपुढं थांबलात तर तुमचं तज्ज्ञपण तिथंच संपेल. गाडी हाका.

आणि तरीही अकलूजला जाऊन घोडा घेणारच असाल, तर ग्लँडर्सचा कागद आधी मागा, खूर स्वतः उचलून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन त्याच घोड्यापुढं गुमान अर्धा तास उभे राहा. त्यानंतरही पटलं तर घ्या. बंगल्यापुढं नुसतं उभंच करायचं असेल, तर सिमेंटचा करून घ्या. त्याला गवत लागत नाही आणि तो कंटाळत नाही.